तलंगांची तिन्हीसांज

कोकणातल्या वाडीत दिवेलागणीला अंगण थोडा वेळ गजबजून जातं. दिवसभर गडग्यापलीकडे चरायला गेलेल्या कोंबड्या आपणहून परततात, पायरीपाशी रेंगाळतात, पडलेला एखादा दाणा टिपतात आणि एकेक करून खुराड्यात शिरतात. जाणत्या कोंबडीला हाकलावं लागत नाही. नव्याने आणलेल्या तलंगांची, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांची, गत निराळी असते. उजेड ओसरू लागला की त्या खुराड्याबाहेर भिंतीच्या कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर दाटीवाटीने बसतात. एखादी लाकडांच्या रचलेल्या ढिगावर जाते, एखादी मोटारसायकलच्या सीटवर आणि एखादी थेट शेवग्यावर. मग घरातली माणसं बॅटरी घेऊन शोधत हिंडतात, कारण रानमांजराचीही बाहेर पडायची वेळ तीच असते.

शेवग्यावर चढलेली तलंग चुकार नाही. तिच्या रक्तातच ते आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आग्नेय आशियापासून आपल्या ईशान्य आणि उत्तर भारतापर्यंतच्या रानांत राहणारा तांबडा रानकोंबडा. दिवसभर जमीन उकरायची आणि रात्री झाडाच्या फांदीवर बसायचं, ही त्याची रीत. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडाही तेच करतो आणि तोही परका नाही: पाळीव कोंबडीच्या कातडीला आणि पायांना पिवळा रंग देणारं जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आलं असल्याचं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. हजारो वर्षं माणसाच्या ओसरीला राहूनही रात्री उंच जागा शोधायची ओढ कोंबडीने सोडलेली नाही.

ओढ उपजत असली, तरी वाट उपजत नसते. ती दाखवायला आई लागते.

खुडूक झालेल्या कोंबडीखाली पिल्लं निघाली की ती सुरुवातीचे काही आठवडे वर चढतच नाही. पंख पसरून जमिनीवरच पिल्लांना ऊब देत बसते. पिल्लांना पिसं फुटली, पंखांत बळ आलं, की एका संध्याकाळी ती उडी मारून वर जाऊन बसते आणि तिथून बारीक आवाजात बोलावत राहते. खाली एकच कालवा होतो. दोन-चार धीट पिल्लं धडपडत वर पोचतात आणि तिच्या पंखाखाली घुसतात. बाकीची खाली ओरडत राहतात. असं काही दिवस चालतं आणि बघता बघता सगळी वर. शिकवणं म्हणतात ते एवढंच.

उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लांच्या आयुष्यात ही संध्याकाळ येतच नाही. विजेच्या दिव्याखाली, भाताच्या तुसावर, सपाट जमिनीवर ती वाढतात. स्वीडनमध्येच अंड्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या कोंबड्यांचा अभ्यास झाला; तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. चौथ्या आठवड्याच्या आत बसायला दांड्या मिळालेल्या पिल्लांनी मोठेपणी जमिनीवर अंडी कमी घातली आणि एकमेकींना टोचून जखमी करण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. उशिरा दांडी मिळालेल्यांना उंचीवरच्या जागेचा अंदाज घेणंच नीट जमत नाही, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं. १९९९ सालीच युरोपीय संघाने केलेल्या नियमांत प्रत्येक अंड्याच्या कोंबडीला निदान १५ सेंटीमीटर दांडी मिळालीच पाहिजे, असं कलम आहे.

आता आपल्याकडे पाहा. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर तलंगांचा गट मिळतो: २५ माद्या आणि ३ नर, वय ८ ते १० आठवडे. योजना चांगली आहे, त्यातून कितीतरी बायकांच्या हाती अंड्यांचे रोकडे पैसे येतात. पण घरी येणाऱ्या तलंगेने चौथा आठवडा केव्हाच मागे टाकलेला असतो. तिने दांडी पाहिली नसेल, तर पुढचं सगळं पाळणाऱ्या माणसाला करावं लागतं. तेच नेमकं कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नव्या तलंगा आणल्या दिवशीच मोकळ्या सोडायच्या नाहीत. आठवडाभर खुराड्यात आणि त्याला लागून जाळी लावलेल्या आवारातच ठेवायच्या, दाणापाणी तिथेच द्यायचं. मग घर कोणतं ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. पुढे सोडताना संध्याकाळी सोडायच्या. अंधार जवळ असला की त्या लांब जात नाहीत. रोजचा शेवटचा मूठभर दाणा खुराड्याच्या आतच टाकायचा आणि त्या वेळी एकच ठरलेली हाक द्यायची. हाक प्रत्येक घरची वेगळी असली तरी चालते, मात्र रोज तीच हवी.

आणि काठी घेऊन मागे लागायचं नाही. भेदरलेली तलंग खुराड्याची धास्तीच घेते. ती आत शिरत नाही याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: आत तिला दिसत नाही. कोंबडीला दिवसा माणसापेक्षा जास्त रंग दिसतात, अतिनील प्रकाशही जाणवतो. पण कातरवेळी तिची नजर लवकर हरते. बाहेर अजून संधिप्रकाश आणि खुराड्यात काळोख असेल तर ती उजेडाच्या बाजूलाच थांबणार. आत एक मंद दिवा थोडा वेळ लावून ठेवला आणि सगळ्या स्थिरावल्यावर मालवला, की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

उरलेलं काम अंधारात करायचं. कोपऱ्यात गोळा होऊन बसलेल्या तलंगांपैकी एक हलक्या हाताने उचलायची, पंख अंगाशी दाबून धरायचे, म्हणजे फडफड होत नाही. दांडीजवळ नेऊन तिच्या पायांना लाकूड टेकवायचं आणि हात लगेच काढायचा नाही. आधी बोटं चाचपडतात, मग वळतात, दांडी पकडतात. तळहातावरचा भार हळूहळू कमी होतो. ती पाय दुमडते, छातीची पिसं बोटांवर येतात, मान आखडते. तेव्हा हात काढायचा आणि दुसरी तिच्या शेजारी ठेवायची. अंधारात ती परत खाली उतरायच्या फंदात पडत नाही. सकाळी सगळ्या वरूनच उजेड पाहतात. हे सलग काही रात्री केलं की दोन-तीन हुशार तलंगा आपणहून चढू लागतात आणि बाकीच्या त्यांच्या मागे जातात. कळपात एखादी मोठी, सवयीची कोंबडी असेल तर काम आणखी लवकर होतं. या कामाला लागणारी माया कुठल्याही माहितीपत्रकात छापता येत नाही, आणि ती दाखवणाऱ्या बायका गावोगाव आहेत.

दांडीकडेही लक्ष हवं. गुळगुळीत बांबूवरून नवखे पाय घसरतात. दीड-दोन इंच रुंदीची, कडा तासलेली लाकडी पट्टी बरी. पहिली दांडी फूटभर उंचीवर, पुढची थोडी वर, शिडीसारखी. वनराजा, गिरिराज यांसारखी अंगाने जड कोंबडी फार उंचावरून उडी मारते तेव्हा तळपाय आणि छातीचं हाड दुखावतं, म्हणून तिला उंची बेताचीच ठेवावी. अंडी घालायची खोकी मात्र दांडीपेक्षा खाली असावीत, नाहीतर तलंगा त्यांतच झोपतात आणि सकाळची अंडी विष्ठेने बरबटतात. सुरुवातीला संध्याकाळी खोक्यांची तोंडं झाकून टाकणं उत्तम.

जागेवरून टोचाटोची होणारच. कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते, ती नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एबे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी शास्त्राला दाखवली. वरची दांडी मानकरणींची, लहानग्यांना खालची. दांडी पुरेशी लांब असली, म्हणजे दर कोंबडीमागे वीतभर जागा असली, की भांडण फार वेळ चालत नाही.

आणि नीट चढणाऱ्या कोंबड्या अचानक खुराड्याबाहेर झोपू लागल्या, तर दोष त्यांना देऊ नये. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या भेगा आणि खालची बाजू पाहावी. लाल कोळी नावाचा बारीक किडा दिवसा तिथे लपतो आणि रात्री कोंबडीचं रक्त पितो. तो सापडला तर दांड्या काढून धुवाव्यात, उन्हात टाकाव्यात, भेगांत चुना भरावा आणि पशुवैद्यकाला विचारून औषध मारावं.

या पावसाळ्यानंतर जे कुणी एकदिवसीय पिल्लं आणणार असतील त्यांनी दुसऱ्या आठवड्यातच दिव्याखालच्या तुसावर, जमिनीपासून चार बोटं उंच, एक आडवी काठी बसवून द्यावी. जे तलंगा आणणार असतील त्यांनी गट उचलण्याआधी एकच प्रश्न विचारावा: यांना बसायला दांडी होती का?