मोतिया

स्पीकरला लावायचं कापड आधी तोंडासमोर धरून त्यावर फुंकर मारायची. पलीकडे धरलेल्या तळहाताला ती सहज लागली तर कापड चालेल. अडली तर दुकानदार काहीही म्हणो, पुढचं ठाण बघायचं. ही बाबांची कसोटी. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात मी एकामागून एक ठाणांवर फुंकर मारत होते आणि काउंटरवरचा मुलगा अवघडून बघत होता. त्याला कारण सांगायला गेले असते तर मला रडू आलं असतं. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

रंग आईने सांगितला होता. मोतिया.

हे तिचं जुनं मागणं. आमचं घर सदाशिव पेठेतल्या वाड्यात, तळमजल्यावर. बाहेरच्या खोलीला एकच खिडकी, तीही बोळात उघडणारी. त्या खोलीत कंबरेएवढी दोन स्पीकरची खोकी आणि त्यांवर कॉफी रंगाचं, जवळजवळ काळंच दिसणारं कापड. "घरात दोन विहिरी ठेवल्यासारखं वाटतं," असं आई म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. फिकं कापड लावलं की उजेडात मागच्या वूफरचे गोल दिसायला लागतात; मग पुढची सगळी फळी काळी रंगवावी लागते, तीही चकाकी नसलेल्या रंगाने. ते काम दिवाळीत करू. अशा कितीतरी दिवाळ्या आल्या आणि गेल्या.

खोकी त्यांनी स्वतः बांधली होती. वूफर, ट्वीटर, कंडेन्सर, तांब्याच्या तारेची वेटोळी, सगळं तपकीर गल्लीतून पगारापगाराला थोडं थोडं आणलेलं. त्या स्पीकरांवर त्यांनी आयुष्यभर मुख्यतः दोघांना ऐकलं : मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व. १९९२ च्या जानेवारीत कुमार गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मन्सूर. दोन्ही दिवशी बाबांनी रेकॉर्ड लावली नाही. मी शाळेत होते. गाणारा गेला की त्याचं गाणं लावावं की बंद ठेवावं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. ऐकणारा गेल्यावर काय करावं, हा त्याहून अवघड निघाला. बाबांच्या मागे कितीतरी महिने अँप्लिफायरवर पंचा पांघरलेला होता आणि तो काढायला आमचा कुणाचा हात धजत नव्हता. शेवटी आईनेच एका सकाळी कापडाचा विषय काढला.

चौकटी खुंट्यांवरून अलगद निघाल्या. बाबांनी कापड बारीक चुकांनी ठोकलं होतं, सगळ्या सारख्या अंतरावर, कोपऱ्यांत घडी घालून. कापड उलटं केलं तर दुमडलेल्या काठांशी मूळ रंग अजून शाबूत होता. तो काळपट नव्हताच, चांगला उबदार तपकिरी होता. आणि खालच्या अंगाला, खोक्यातून बाहेर येणाऱ्या नळीच्या बरोबर समोर, वाटीएवढा काळा गोल उमटला होता. या नळीतून खालच्या सुरांना हवा आत-बाहेर करते. डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याबरोबर ती कापडातून गेली होती आणि जाताना खोलीतली धूळ त्यात गाळून ठेवत आली होती. चाळीस वर्षांचा ठेका होता तो. आई त्यावरून बोट फिरवत राहिली. मी काही बोलले नाही.

ट्वीटरसमोरही धूळ होती, सगळीकडे पसरलेली, धाग्यांत घट्ट बसलेली. खालच्या सुरांना तिचं काही वाटत नाही. शंभर हर्ट्‌झच्या सुराची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, ती असल्या गोष्टींना जुमानत नाही. दहा हजार हर्ट्‌झची लहर मात्र जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची. वाटेतल्या अडथळ्यांत पहिल्यांदा हे वरचे, बारीक आवाज बोथट होतात. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या त्या एवढ्याशा दोऱ्याने जे लखलखतं, ते सगळं याच वरच्या मुलखातलं.

आणि वय झालं की कानही पहिल्यांदा हाच मुलूख सोडतात. सत्तरी ओलांडल्यावर बाबा म्हणायला लागले, की हल्ली जवारी ऐकू येत नाही. रेकॉर्ड तीच, गाणं तेच. त्यांनी पिकअपची सुई बदलली. ट्रेबलचं बटण थोडं थोडं करत पार उजवीकडे नेलं. मग म्हणाले, कापडात धूळ बसली आहे, ते बदलायला हवं. मला वाटलं, आता आईचा मोतिया रंग येणार. पण आईच म्हणाली, "राहू दे आत्ता, दिवाळीत बघू." मला तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं. ते कर्कश ट्रेबल तिच्या कानांना बोचायचं, हे मला माहीत होतं. मन्सूर सुरू झाले की ती निवडायची भाजी घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि दार लोटून घ्यायची.

फळी रंगवून वाळायला दोन दिवस दिले. कापड सुती घेतलं नाही, कारण ते ओल-उन्हाने ताणतं-आकसतं. आधी वरच्या बाजूचा मध्य ठोकायचा, मग खालचा, मग दोन्ही बाजूंचे, आणि मध्याकडून कोपऱ्यांकडे जायचं. उभा धागा चौकटीच्या कडेला समांतर राहतोय का, हे आई चष्मा लावून बघत होती. उजवीकडची चौकट तिने मला दोनदा उसवायला लावली. इतकं बारकाईने बघणं बाबांचं; तिच्यात ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

खोली खरंच उजळली. हे तिला किती वर्षं हवं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मग पंचा काढला आणि मन्सूर लावले. तानपुरा सुरू झाला तोच इतका धारदार, की आम्ही दोघीही दचकलो. बटण बाबांनी ठेवलं होतं तिथेच होतं. मला त्याला हात लावायचा नव्हता.

"कमी कर," आई म्हणाली. "आता कुणासाठी एवढं?"

मी बटण मधोमध आणलं. जवारी तरीही लख्ख ऐकू येत होती, तारेतारेची. माझ्या पोटात तुटलं. मी म्हटलं, "आई, बाबा म्हणत होते तेव्हाच आपण हे बदललं असतं, तर त्यांना थोडं तरी ऐकू आलं असतं गं."

ती बराच वेळ नव्या कापडाकडे बघत होती.

"आणि बदलूनही आलं नसतं, तर?" ती म्हणाली. "मग ह्यांनी कशाला दोष द्यायचा होता?"