आरशांमधलं अंतर

समोरासमोर दोन आरसे, मध्ये वीतभर हवा आणि एका आरशाच्या पाठीमागून आत शिरू पाहणारा लेझरचा लाल किरण. आरसे असे, की हजारातला एखादाच भाग प्रकाश पलीकडे जाऊ देतात. एकामागे एक असे दोन ठेवल्यावर पलीकडे अंधारच हवा. पण त्यांच्यातलं अंतर नेमकं जुळलं, की जवळजवळ सगळा प्रकाश दोन्ही आरसे ओलांडून जातो. याचं गणित समजल्यावरही माझं नवल ओसरलेलं नाही. मार्सेयच्या फाब्री आणि पेरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जोडी मांडली. आज प्रयोगशाळेत तिला नुसतं 'कॅव्हिटी' म्हणतात.

अंतर जुळणं म्हणजे त्यात अर्धे तरंग पूर्ण संख्येनं मावणं. हेलियम-निऑन लेझरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर, म्हणजे दर 316 नॅनोमीटरला एकदा उजेड. आणि तो उजेड टिकतो किती जागेत? वर सांगितले तसे आरसे असतील, तर साधारण 0.1 नॅनोमीटरमध्ये. हायड्रोजनच्या एका अणूची रुंदी जवळपास तेवढीच. आरसे 10 सेंटिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले आणि खोली एका अंशानं तापली, तर पट्टी दोन मायक्रॉनहून जास्त वाढते; उजेडाची सात ठिकाणं येऊन निघून जातात. कुणी दार लावलं, जवळ बोललं, तरी पुरे.

स्क्रू फिरवून हे साधणं शक्यच नाही. तंबोरा खुंटीनं ढोबळ लावतात आणि उरलेलं मण्यावर सोपवतात, तसं इथे उरलेलं काम पिएझोकडे येतं. चिनी मातीच्या जातीची एक पांढरट कडी, तिच्यावर आरसा चिकटवलेला. व्होल्टेज दिलं की ती किंचित लांबते. 1880 साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं, की टूर्मलिन, क्वार्ट्झ असे स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो. उलटंही घडलं पाहिजे, विद्युतभारानं स्फटिक हलला पाहिजे, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. ते पुढच्या वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी उष्मागतिकीच्या नियमांवरून कागदावर काढलं, आणि क्युरी बंधूंनी लगेच प्रयोगानं पडताळलं.

या लिपमन यांच्यापाशी मी दर वेळी रेंगाळतो. त्यांना 1908 चं नोबेल मिळालं ते रंगीत छायाचित्रणासाठी. काचेवरच्या इमल्शनला पारा टेकवून त्यांनी पाऱ्यालाच आरसा केला; येणारा आणि परतणारा प्रकाश मिळून इमल्शनमध्ये अर्ध्या तरंगाच्या अंतरानं चांदीचे थर उमटले, आणि त्या थरांतून रंग परत दिसले. हलणारा स्फटिक आणि आरशासमोर उभे राहिलेले तरंग, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून गेले होते. ते एकत्र यायला मात्र बराच काळ जावा लागला.

पिएझो गुणी आहे, पण सरळ नाही. 60 व्होल्टवर खालून आलात तर आरसा एका जागी, वरून आलात तर दुसऱ्या. व्होल्टेज थांबवलं तरी कडी मिनिटं मिनिटं सरकत राहते. म्हणून आरसा एकदा लावून सोडून देता येत नाही. त्याला सतत धरून ठेवावं लागतं, आणि मला सगळ्यात सुंदर वाटणारी अडचण इथेच आहे. उजेड शिखरावर असताना आरसा पुढे सरकला तरी तो मंदावतो, मागे सरकला तरी तेवढाच मंदावतो. चूक झाली हे कळतं. कुठल्या बाजूला, ते कळत नाही. त्यावर जुना उपाय असा, की आरसा मुद्दामच बारीक थरथरत ठेवायचा. थरथरीबरोबर उजेड वाढतो की घटतो यावरून दिशा कळते. रॉन ड्रेव्हर, जॉन हॉल आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये मांडलेली रीत याहून देखणी: आरसा न हलवता प्रकाशाचीच कला (फेज) वेगानं डोलवायची आणि कॅव्हिटीवरून परतलेल्या प्रकाशात दिशा शोधायची. सूक्ष्मलहरींसाठी रॉबर्ट पाउंड यांनी असंच काही आधी केलं होतं, म्हणून त्यांचंही नाव तिला जोडलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक मंडल दिशेचा तो कौल पिएझोला पोचवतं आणि आरसा सेकंदात शेकडो वेळा सावरला जातो. बाहेरून पाहणाऱ्याला उजेडाचा ठिपका अगदी निश्चल दिसतो.

ड्रेव्हर यांच्या डोळ्यांसमोर गुरुत्वीय लहरी होत्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळानं 2023 मध्ये मंजुरी दिली, ती त्याच परंपरेतली. लायगोच्या चार किलोमीटरच्या भुजांच्या टोकांना टांगलेले 40 किलोंचे आरसे पिएझोवर नसतात. त्यांना विद्युत क्षेत्रानं हलकेच ढकलतात. पण अमेरिकेतल्या लायगोमध्ये भुजांतून आलेला प्रकाश वाचण्याआधी टेबलावर मावेल अशा चार आरशांच्या कॅव्हिटीतून गाळला जातो, आणि त्यातले दोन आरसे पिएझोवर चिकटवलेले आहेत. टांगलेल्या आरशांच्या, प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी हालचालीची बातमी या कॅव्हिटीतूनच बाहेर येते. त्या कॅव्हिटीचं लॉक, म्हणजे अंतर नेमकं धरून ठेवणारी पकड, सुटलं, की ते पुन्हा लागेपर्यंत वेध घेणं थांबतं.