समुद्राकडे पाठ करून

मांडव्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्याच्या हातात हल्ली कॅमेरा असतोच आणि वाटही बहुतेक ठरलेली असते: किहीम, अलिबागचा कुलाबा किल्ला, काशीद आणि शेवटी राजपुरीहून दिसणारा जंजिरा. ही छायाचित्रं सुंदर असतात, यात वाद नाही. पण मी अलिबागला किनारा सोडतो आणि पेणच्या रस्त्याला लागतो. कार्लेखिंड मागे पडून पोयनाड आलं, की धरमतर खाडीच्या अंगाला जी सपाट जमीन पसरते तो खारेपाट. शहापूर, धेरंड, शहाबाज, चरी ही तिथली गावं. रायगडच्या किनाऱ्याची खरी ओळख सांगणारं छायाचित्र इथे मिळतं, असं माझं म्हणणं आहे. या किनाऱ्याचा मोठा भाग माणसांनी खाऱ्या पाण्याकडून मिळवलेला आहे, आणि ते श्रम समुद्राकडे पाठ केल्याशिवाय नजरेत येत नाहीत.

बांधावर उभं राहून पाहिलं, की सगळा व्यवहार उलगडतो. एका अंगाला खाडी, तिवरं आणि चिखल. दुसऱ्या अंगाला भातखाचरं. मधला बांध मातीचा, खाडीच्या बाजूने दगडांनी थोपटलेला. त्यात जागोजागी उघाडी. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी बाहेर अडतं. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून खाडीत उतरतं. पावसाळ्यात शेतातलं मीठ याच वाटेने धुऊन जातं, आणि मग तिथे भात उभं राहतं. पूर्वी खाऱ्या जमिनीत तग धरणारा तांबडा राता असे, पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून आलेली वाणं आली. पण झडप बसत नसली किंवा उधाणात बांधाला एक खांड पडली, तरी खाचरं खारी होतात आणि मग हंगाम हातचा जातो. म्हणून उघाडीच्या चौकटीवर चढलेले कालवांचे थर, झिजलेल्या कडा, तिच्या तोंडाशी लावलेलं मासे धरायचं जाळं हे सगळं मला जंजिऱ्याच्या बुरुजाइतकंच मोलाचं वाटतं. तसंच घरापुढचं तळं. पिण्याच्या पाण्याचे हाल सोसलेल्या या मुलखात पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं आणि त्यात वाढवलेला जिताडा, एवढ्यावरून घराची ऐपत आणि अडचण दोन्ही कळतात.

अशा जमिनीकडे कसं पाहावं, याचा धडा डच आणि फ्लेमिश चित्रकारांनी घालून दिला आहे. समुद्रसपाटीखालचं बेमस्टर तळं डचांनी 1612 साली उपसून शेतीखाली आणलं. तिथेही बांध, पाण्याला वाट आणि त्यांची सततची राखण हेच गावाच्या अस्तित्वाचं कारण होतं. त्या शतकातल्या याकोब फान राउसडालने हार्लेमची चित्रं काढली, तेव्हा क्षितिज खाली ओढून चित्राचा बराचसा भाग आभाळाला दिला. खारेपाटात काही उंच नाही, रंग नाही, कॅमेऱ्याने टिपावं असं काय आहे, असा आक्षेप येतो. त्याला राउसडालचं उत्तर पुरेसं आहे. आषाढातलं आभाळ, खाली एका रेघेसारखा बांध आणि त्यावरून डोक्यावर आवण्यांचा भार घेऊन चाललेली माणसं: एवढ्या ऐवजावर चित्र उभं राहतं. फ्लेमिश ब्रूगेलने 1565 च्या कापणीच्या चित्रात गहू कापणारी, झाडाखाली जेवणारी, दमून आडवी झालेली माणसं पुढे आणली आणि जहाजांचं पाणी पार दूर ठेवलं. या निवडीमागे विचार होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कष्टकऱ्यांच्या जगण्याचा देखावा करायचा अधिकार बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याला कोणी दिला? हा प्रश्न मला टाळता येत नाही. देखाव्यात माणूस निनावी होतो, आणि चरीचा इतिहास तर नाव घेऊनच सांगावा लागतो. 1933 साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. संप 1939 पर्यंत चालला, शेतं ओसाड पडली, कुळांच्या घरी उपासमार झाली. तेव्हा बांधाच्या चित्राखाली गाव, हंगाम आणि जमिनीचा इतिहास लिहिलेला असावा, माणसाला विचारून त्याचं छायाचित्र घ्यावं आणि त्याची प्रत त्याच्या घरी पोचावी. एवढं झालं की देखाव्याचा दस्तऐवज होतो. हे करायची तयारी नसेल, तर खारेपाटात कॅमेरा नेऊच नये.

तिसरं म्हणणं असं की बांध फुटले, शेतं सोडली गेली, तिथे तिवरं माजली, तर निसर्गाने आपलं परत घेतलं, शोक कशाला? तिवरांचं मोल मी नाकारत नाही. ती उधाणाची धार मोडतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. पण पडलेल्या खाचरात उगवलेल्या तिवरांमागे दुरुस्तीविना राहिलेला बांध आणि पोट भरायला मुंबईकडे गेलेलं घरही असू शकतं. नुसत्या हिरव्या चौकटीत ते दिसणार नाही. फुटका बांध, जुन्या खाचराची पुसट वरंब आणि तिवरं एकाच छायाचित्रात घेतली, तर पाहणाऱ्याला प्रश्न पडेल.

हीच नजर घेऊन दक्षिणेला चौल-रेवदंड्याला जावं. रेवदंड्यात पोर्तुगीज तटाला भगदाड पाडून रस्ता आत शिरतो, आणि आत नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, नांदती घरं. पडक्या चर्चचा सातखणी मनोरा सगळे टिपतात. तटाच्या दगडाला टेकलेली वाडी क्वचितच कोणी टिपतं. तट ज्यांनी बांधला त्यांची सत्ता 1740 साली इथून गेली, वाड्यांचं शिंपणं मात्र चालू राहिलं. कुंडलिकेपलीकडच्या कोर्लईत कॅमेऱ्याची मर्यादा उघड होते. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिलाफातून घडलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते, आणि ती कोणत्याही भिंगातून दिसत नाही. तिथे गावकऱ्यांच्या संमतीने आवाज टिपणारं यंत्र आणि वही या दोन्ही गोष्टी हव्यात, आणि बोली जाणणारं गावातलंच कोणी सोबत हवं.