व्यसनमुक्तीत बुद्धी निवळण्याचा क्रम

दारू सुटणे आणि बुद्धी ताळ्यावर येणे या दोन वेगवेगळ्या घटना असून त्यांच्यामध्ये कित्येकदा महिन्यांचे अंतर असते. शेवटचा घोट कोणत्या दिवशी घेतला हे सांगता येते. विचार स्वच्छ कोणत्या दिवशी झाला हे मात्र सांगता येत नाही, कारण लक्ष, स्मरण, भावना आणि निर्णय या क्षमता एकाच वेळी परतत नाहीत. प्रस्तुत लेखकाने हा काळ रुग्ण म्हणून अनुभवला आहे, आणि त्या अनुभवाची वैद्यकीय ज्ञानाशी सांगड घातली असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : स्वतःच्या स्थितीचा अचूक अंदाज घेण्याची क्षमता या क्रमात सर्वांत शेवटी परतते, आणि मधल्या काळात रुग्ण मात्र आपण बरे झालो की नाही याचा निवाडा तिच्याच आधारे करत असतो.

मद्य मेंदूत काय करते हे पाहिल्याशिवाय या क्रमाचा उलगडा होत नाही. मेंदूतील पेशींच्या हालचालीला लगाम घालणारे 'गाबा' आणि तिला चेतवणारे 'ग्लुटामेट' या दोन रसायनांचा तोल निरोगी अवस्थेत सांभाळला जातो. मद्य पहिल्याचा परिणाम वाढवते आणि दुसऱ्याचा दाबून टाकते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू या दडपणाशी जुळवून घेत आपली चेतना वाढवून ठेवतो, त्यामुळे दारू अचानक थांबली की लगाम सुटतो आणि वाढलेली चेतना तेवढी उरते. हात कापणे, घाम फुटणे, झोप उडणे, छातीत धडधडणे ही लक्षणे पहिल्या दिवसातच दिसू लागतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते, तर काहींना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन नसलेली माणसे दिसतात आणि वेळ-स्थळाचे भान सुटते. ही अवस्था जिवावर बेतू शकते, म्हणूनच रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी, नुसत्या निर्धारावर दारू तोडणे धोक्याचे ठरते. याच काळात जीवनसत्त्व ब-१, म्हणजे थायमिन, इंजेक्शनातून देतात, कारण त्याच्या दीर्घ अभावाने गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीतील बिघाड आणि तोल जाणे अशी लक्षणे असलेला विकार होतो. कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ साली त्याचे वर्णन केले. वेळेवर उपचार न झाल्यास त्याची परिणती स्मृतीच्या कायमच्या हानीत होऊ शकते.

हा टप्पा ओलांडून शरीर शांत झाले की घरच्यांना माणूस बरा झाल्यासारखा वाटतो. चेहऱ्यावरची सूज उतरते, भूक लागते, हात स्थिर होतात. आत मात्र काम नुकतेच सुरू झालेले असते. प्रस्तुत लेखकाला या काळात वर्तमानपत्रातील बातमी वाचता येई, पण अग्रलेख वाचता येत नसे, कारण दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचताना पहिल्यातील युक्तिवाद हातातून निसटलेला असे. डॉक्टरांनी १०० मधून ७ वजा करत जाण्यास सांगितल्यावर ९३ आणि ८६ सहज आले, पुढे मात्र कोणत्या संख्येतून वजा करायचे तेच विसरले गेले. ही साधी चाचणी गणिताचे ज्ञान तपासत नाही. एक गोष्ट मनात धरून ठेवत तिच्यावर दुसरी क्रिया करण्याची जी शक्ती, म्हणजे कार्यकारी स्मृती, तिची आणि एकाग्रतेची ती परीक्षा असते. त्यात झोपेची भर पडते. मद्याने दीर्घकाळ दाबून ठेवलेली स्वप्नावस्था उसळी घेते, आणि स्वप्नात दारू प्यायलेला माणूस पहाटे अपराधी भावनेने दचकून उठतो व आपण खरोखर प्यायलो नाही याची खात्री पटायला त्याला काही क्षण लागतात.

स्मरणाच्या बाबतीत एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमता हळूहळू सुधारते, पण नशेत घालवलेल्या कित्येक रात्री कधीच परत येत नाहीत. रक्तातील मद्य झपाट्याने वाढले की मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग चालू प्रसंगांची नोंदच करत नाही. माणूस त्या वेळी बोलतो, भांडतो, घरीही पोहोचतो, परंतु त्यातले काही साठवले जात नाही, म्हणून बुद्धी कितीही निवळली तरी आठवण्यासारखे तिथे काही नसते. परिणामी एकाच घरात दोन इतिहास नांदतात. पत्नीला प्रत्येक रात्र तपशिलासह पाठ असते आणि पतीजवळ त्या रात्रींची सांगोवांगी माहिती असते. ती सांगते ते त्याला अतिशयोक्तीचे वाटते, आणि त्याचे 'असे झालेच नसेल' हे म्हणणे तिला खोटेपणाचे वाटते, वास्तविक तो खोटे बोलत नसतो, केवळ रिकामी जागा अंदाजाने भरत असतो.

सर्वांत फसवा टप्पा यानंतरचा. काही आठवड्यांच्या संयमानंतर विलक्षण उत्साह येतो, आणि सारी देणी वर्षभरात फेडण्याचे, नोकरी सोडून धंदा काढण्याचे, सगळ्या नातेवाइकांची एका दमात माफी मागण्याचे बेत आखले जातात. भावना जाग्या झालेल्या असतात, परंतु परिणामांचा आगाऊ विचार करणारे, मोहाला थोपवणारे मेंदूच्या पुढच्या भागाचे कार्य अजून पुरते सावरलेले नसते. मेंदूचे आक्रसलेले आकारमान पहिल्या काही आठवड्यांतच अंशतः भरून येऊ लागते हे खरे, तथापि नियोजनासारख्या गुंतागुंतीच्या क्षमतांना बरेच महिने आणि काहींच्या बाबतीत वर्षाहून अधिक काळ लागतो. 'आता एखादी बिअर घेतली तर काय होते' हा विचार नेमका याच वेळी, अगदी तर्कशुद्ध वेषात येतो.

व्यसनमुक्तीच्या परंपरेतील अनेक साधे नियम या अडचणीवरचे उपाय म्हणून वाचले की त्यांचे मर्म कळते. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीतील 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र दीर्घ नियोजनाची गरजच काढून टाकते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत सावध राहावे हा संकेत आत्मपरीक्षणाऐवजी सहज ओळखू येणाऱ्या खुणा हाती देतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे पुढे इतरांच्या उपचारात कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. याचाही अर्थ असाच लावता येतो : ज्याला स्वतःच्या मनाची चाल दिसत नाही, त्याला ती वाट चाललेला दुसरा माणूस लगेच ओळखतो. गटात शेअरिंग करताना प्रस्तुत लेखकाने तलफ अजिबात येत नसल्याचे सांगितले, तेव्हा शेजारच्या जुन्या सदस्याने घरी जाताना कोणत्या रस्त्याने जातोस एवढेच विचारले. तो रस्ता नेहमीच्या बारवरून जात होता. एटीएम कार्ड पत्नीकडे राहणे, जेवणाची वेळ ठरलेली असणे, दिवसाची कामे वहीत लिहिलेली असणे ही बंधने त्या काळात जाचक वाटली, परंतु निर्णयशक्ती परतेपर्यंत तिचे काम त्यांनीच केले.

बुद्धी निवळत असल्याची खूण मग कोणती? तल्लखपणा ही ती खूण नव्हे, कारण तल्लखपणाचा भास उत्साहाच्या काळातही होतो. एखाद्या प्रसंगाविषयी 'आठवत नाही' एवढेच म्हणून थांबता येणे, मनात आलेल्या बेताकडे संशयाने पाहता येणे आणि दुसऱ्याचा आक्षेप ऐकताना त्याचे उत्तर आधीच तयार नसणे, या खुणा अधिक विश्वसनीय आहेत. ही स्पष्टता सुखद असतेच असे नाही; कर्जाचा खरा आकडा, मुलांनी राखलेले अंतर आणि वाया गेलेली वर्षे तिच्यामुळेच प्रथम पूर्णपणे दिसतात, आणि म्हणून सुधारणेच्या मध्यावर येणारी खिन्नता नेहमीच अपयशाची नसते, मात्र ती रेंगाळली तर तिच्यावर स्वतंत्र उपचार घ्यावे लागतात. यातून निघणारा व्यवहार सरळ आहे : पहिल्या वर्षात घर विकणे, नोकरी सोडणे, नाते तोडणे किंवा जोडणे यांसारखे निर्णय शक्यतो पुढे ढकलावेत, कुटुंबीयांनी दारू सुटल्याच्या दिवसापासून जुन्या जबाबदाऱ्या एकदम खांद्यावर टाकू नयेत, आणि स्वतःच्या बरे होण्याविषयी रुग्णाला प्रथमच शंका वाटू लागली तर तिला माघार न समजता प्रगतीच्या बाजूला जमा धरावे.