हिंजवडीचें बिऱ्हाड

पुण्याच्या पेठेंत ज्यांचा जन्म गेला, त्यांस हिंजवडी म्हणजे परगांवच. नकाशांत अंतर अवघें १७-१८ किलोमीटरांचें. पण सामानासह निघालेल्या आम्हां उभयतांस तें ओलांडण्यास जो वेळ लागला, तेवढ्यांत तरुणपणीं आम्ही आगगाडीनें लोणावळें गांठीत असूं. चिरंजीव व सूनबाई दोघांचीही नोकरी तेथील संगणक-कंपन्यांत. नातू तीन वर्षांचा. आणि त्यास सांभाळणारी बाई अकस्मात् गांवीं निघून गेलेली. “सहा महिन्यांपुरते या,” असा निरोप आला. त्या सहा महिन्यांचें दीड वर्ष होऊन गेलें.

हिंजवडी हें मुळशी तालुक्यांतलें भातशेतीचें गांव. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत औद्योगिक विकास महामंडळानें येथें संगणक-व्यवसायासाठीं जमिनी घेण्यास आरंभ केला, आणि खाचरांच्या जागीं कांचेच्या इमारती उभ्या राहिल्या. शेजारचीं माण, मारुंजी हीं गांवेंही त्याच ओघांत आलीं. आमचें बिऱ्हाड अकराव्या मजल्यावर. गॅलरींतून एका अंगास मेट्रोचे खांब दिसतात. माणपासून शिवाजीनगरपर्यंत २३ स्थानकांच्या या मार्गाची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरांत झाली. दुसऱ्या अंगास तेव्हां एक भाताचें शेत होतें. बाळाचें लक्ष अर्थात् खांबांकडे.

मूल अकराव्या मजल्यावर वाढतें म्हणजे काय, हें आम्हांस एका सकाळीं कळलें. आजोबांच्या धर्मास अनुसरून आम्हीं विचारलें, “बाळ, पाणी कुठून येतं?” उत्तर तत्काळ आलें, “टँकरमधून!” मग आम्हीं ढग, सह्याद्रि, मुळा नदी असें सारें भूगोलशास्त्र त्यास ऐकविलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व विचारलें, “मग टँकर नदीत बुडत नाही का?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. खालीं दररोज टँकरांची रांग लागते हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. नदी त्यानें पाहिली नव्हती.

त्याच आषाढांत आम्ही त्यास घेऊन त्या शेताच्या बांधावर गेलों. लावणी चालली होती. गुडघाभर चिखलांत बायका वांकून रोपें खोंवीत होत्या. घरीं आजी त्यास मऊ भात, तूप आणि मेतकूट कालवून भरविते, तांदूळ इंद्रायणी. हें वाण वडगांव मावळच्या भात-संशोधन केंद्रांत तयार होऊन १९८७ सालीं प्रसिद्धीस आलें. त्याच्या अंगीं आंबेमोहराचें रक्त आहे, म्हणून तो वास. पण आपला मऊ भात चिखलांतून येतो हें बाळास मुळींच पटेना. तो बूट काढून चिखलांत उतरला, आणि मग त्यास बाहेर काढणें हेंच एक काम होऊन बसलें. घरीं परततांना लिफ्टमध्यें एका भगिनींनीं त्याच्या पायांकडे पाहून पदर सांवरला. त्याची मात्र मान ताठ होती!

चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचें बगाड निघालें. पाठींत गळ टोचलेल्या गळकऱ्यास बगाडावर चढवून हिंजवडीहून वाकडास मिरवीत नेतात. आमच्यासारख्यांस हा प्रकार सोसवणारा नव्हे. आजीनें तोंड फिरविलें. बाळ मात्र बापाच्या खांद्यावरून टक लावून पाहत होता. “त्याला दुखत नाही?” त्यानें मोठ्यानें विचारलें. शेजारचे एक वृद्ध ग्रामस्थ हंसून म्हणाले, “द्येवाचा मान हाय, बाळा.” बापास हें उत्तर पुरेसें वाटलें नाहीं, बाळासही नाहीं. आम्हांस मात्र एवढें जाणवलें कीं, बारा महिने ज्या गांवास आम्ही केवळ वाहनांची गर्दी म्हणून शिव्या देतों, त्याचे खरे रहिवासी आम्हीं त्या दिवशीं प्रथमच पाहिले.

गर्दीचें दुःख मात्र खोटें नव्हे. चिरंजीवांची कचेरी घरापासून सहा किलोमीटर. संध्याकाळीं तेवढ्यास दीड-दीड तास. बाळ दिवेलागणीपासून गॅलरींत उभा. फाटकाशीं पोंचतांच बापानें मोबाइलचा दिवा दोनदां हालवावयाचा, असा दोघांचा करार. तो दिवा दिसेपर्यंत घांस तोंडांत राहतो, गिळला जात नाहीं. हें पाहून आम्हींच वैशाखांत विषय काढला, कीं सोमवार ते शुक्रवार त्यास पेठेंत नेऊं. तेथें अंगण आहे, शेजारीं मुलें आहेत, शाळाही जवळ. चिरंजीव म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.” सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं स्वयंपाकघरांत त्या बराच वेळ एकच पातेलें घांशीत होत्या.

आम्हीं नेला. तुळशीबागेंतील खेळणीं झालीं, सारसबागेंतील गणपति झाला, अंगणांत दिवसभर धुडगूस झाला. चौथ्या संध्याकाळीं तो दिसेना. पाहतों तों माडीच्या खिडकींत उभा. म्हणाला, “आजोबा, बाबांचा दिवा इथं कुठल्या बाजूला लागतो?”

पांचव्या दिवशीं सकाळींच आम्ही हिंजवडीस परतलों. सूनबाईंनीं दार उघडलें, तें त्या कामावर जाण्याच्या घाईंत होत्या. त्या दिवशीं त्या उशिरां गेल्या.

यंदाच्या आषाढांत त्या शेताच्या बांधावर गेलों, तों चोहोंकडे पत्रे ठोंकलेले. “भात कुठं गेला?” बाळानें विचारलें. आम्हीं त्याचा हात धरून माणच्या दिशेनें बरेंच पुढें नेलें, तेव्हां कोठें एक खाचर लाभलें. लावणी करणाऱ्या एका आजीबाईंनीं मूठभर रोपें त्याच्या हातीं दिलीं. तीं आम्हीं जुन्या बादलींत माती-पाणी घालून गॅलरींत लाविलीं. दिवसा दोनदां पाणी घालण्याचें काम त्याचें. टँकर उशिरां आला कीं तो बादलीकडे पाहून कासावीस होई.

दिवाळीच्या सुमारास दोन लोंब्या आल्या. आजी म्हणते, देवापुढें ठेवूं; बाळ म्हणतो, मऊ भात कर. तूर्त ते दाणे एका डबींत आहेत. बाप आला कीं रोज रात्रीं जमिनीवर ओतून दोघे ते मोजतात. आंकडा दर वेळीं निराळा येतो.