गोणीतली जावा आणि तिचा चोख हिशेब

ठाणे खाडीच्या पूर्वेस वसलेली नवी मुंबई ही स्थलांतरित बाजारांची नगरी होय. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि पुढील अडीच-तीन दशकांत मुंबई बेटावरील घाऊक व्यापार एकेक करून खाडीपलीकडे आला. कांदा-बटाटा, धान्य, मसाले, फळे व भाजीपाला यांचे बाजार वाशी-तुर्भे परिसरात थाटले गेले. लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीस गेला. पेढ्यांबरोबर तराजू, तिजोऱ्या आणि जुनी चोपडी आली. वडीलधाऱ्यांची जुनी वाहनेही सामानासोबत आली, आणि कित्येकदा गाळ्याच्या पोटमाळ्यावर सुट्या भागांच्या रूपाने पडून राहिली.

खाडीची खारी, दमट हवा लोखंडाला सोसवत नाही. उघडी टाकी आतून गंजते, स्पोक काळवंडतात, क्रोमला पापुद्रे सुटतात. म्हणून या शहरात जुनी मोटारसायकल उभी करू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा अखंड गाडी येत नाही. एक चासी, दुसऱ्याच गाडीचे इंजिन, तिसरीचे मडगार्ड आणि गोणीभर नट-बोल्ट, असा संच त्याच्या वाट्याला येतो.

असे संच ‘जावा’चे अधिक आढळतात, त्याचे कारण तिच्या इतिहासात आहे. जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियाचे. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्रागमध्ये वांडरर कंपनीची मोटारसायकल हाती घेतली, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ झाले. भारतात रुस्तम व फारोख इराणी यांनी म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभारला आणि १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७० च्या दशकात त्याच कारखान्याची गाडी ‘येझदी’ या नावाने विकली जाऊ लागली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावा आणि येझदी एकाच घराण्यातील असल्याने एकीचे अनेक भाग दुसरीला बसतात. कारखाना मिटल्यावर मिस्त्रींनी हाताला लागेल तो भाग लावून गाड्या चालत्या ठेवल्या. त्यात कोणाचा दोष नव्हता. ग्राहकाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे होते.

प्रश्न पुढे उभा राहतो. चालू गाडी म्हणून जिला फारसे मोल नव्हते, तीच आता जुनी व दुर्मीळ म्हणून मोठ्या किमतीला मागितली जाते. टाकीवर जावाचे चिन्ह लावले की येझदीचे इंजिन ग्राहकाच्या नजरेआड होते. मोटारसायकल उभी करणे हे कौशल्याचे काम आहेच, पण त्याहून आधी ते हिशेबाचे काम आहे, हे इथे ध्यानात येते.

म्हणून जाणकार पहिल्या दिवशी पाना उचलीत नाहीत. गोणी रिकामी करून प्रत्येक भाग पुसला जातो आणि वहीत नोंदला जातो: भाग कोणता, कोठून मिळाला, कोणत्या गाडीचा, किती रुपयांना घेतला, पावती आहे की नाही. चासीवरील आणि इंजिनावरील क्रमांक स्वतंत्र ओळीत लिहिले जातात व नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहिले जातात. पावतीविना आलेले इंजिन स्वस्त असले तरी जोखमीचे. ते चोरीच्या गाडीचे नाही याची हमी कोण देणार?

नोंद पुरी झाली की कामाची वाटणी होते, आणि तेथे हे शहर उपयोगी पडते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे येथे मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लेथ, वेल्डिंग आणि रंगकामाचे छोटे कारखाने वाढले. कारखान्यांची कामे करणारा लेथवाला एखाद्या जुन्या गाडीचा एकुलता एक बुशही घडवून देतो. न मिळणाऱ्या भागासाठी मात्र खाडी ओलांडून कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या दुकानांत किंवा चोरबाजारात जावे लागते.

या कामात उतावीळपणा महागात पडतो. जावाचे आटे मेट्रिक. जुन्या बुलेटचे मात्र इंग्रजी इंची मापाचे. गोणीत दोन्ही मिसळलेले असतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा बोल्ट दोन फेरे सहज जातो, तिसऱ्याला अडतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमच्या केसिंगमधील आटे कायमचे खरवडून निघतात.

इंजिनाचेही तसेच. जावा २५० च्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर व पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. झिजलेला सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवता येतो. पण पिस्टन आधी हाती घ्यावा, मग त्याच्या मापाने बोअर करावे, हा क्रम चुकवू नये. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच वर जाते. क्रँकची जुनी सील हवा ओढू लागली तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होतो. बाहेरून चकाकणारी गाडी काही रुपयांच्या सीलपायी भर रस्त्यात बंद पडते.

कागदपत्रांची बाजू याहून नाजूक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल वाहनात मनमानीने करता येत नाही. इंजिन बदलले तर त्याची रीतसर नोंद हवी. जुना क्रमांक घासून त्यावर नवा ठोकणे हा तर सरळ गुन्हा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकपट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन वा देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या फेरफटक्यास किंवा धंद्यास नाही. मुख्य अट अशी की वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

या अटीपुढे गोणीतून उभी राहिलेली जावा कोठे बसते? समजा, चासी १९६८ च्या जावाची व तिची कागदपत्रे शाबूत आहेत, पण इंजिन येझदीचे आहे. मालकापुढे दोन मार्ग असतात. त्याच काळातील जावाचे इंजिन पावतीसह मिळेपर्यंत थांबावे आणि मिळाल्यावर बदलाची नोंद करून घ्यावी; किंवा येझदीचे इंजिन कायदेशीर नोंदीसह ठेवून गाडी चालती करावी आणि ‘मूळ’ हा शब्द तिच्याबाबत उच्चारू नये. दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. तिसरा मार्ग, म्हणजे गप्प राहून विकणे, सर्वांत फायद्याचा वाटतो. पण त्याचा भुर्दंड विश्वासाने पैसे मोजणाऱ्याला बसतो: वाशीच्या एमएच-४३ किंवा पनवेलच्या एमएच-४६ कार्यालयात तपासणीला गाडी उभी राहते, क्रमांक जुळत नाहीत, आणि आयुष्याची हौस कागदावर अडकून पडते.

व्यापाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. मिसळीचा माल मिसळीचा म्हणून विकला तर तो व्यवहार. निवडक म्हणून विकला तर फसवणूक. धान्याच्या गोणीला जो नियम लागू, तोच सुट्या भागांच्या गोणीलाही. पेढीची पत मालापेक्षा बोललेल्या शब्दावर उभी असते, आणि ती एकदा गेली की कोणत्याही लेथवर पुन्हा घडवता येत नाही.

म्हणून गाडी पुरी झाली, किकने धूर सोडला आणि तोच दांडा आत दाबून गिअरसाठी फिरवता आला, तरी एक काम उरते. पहिल्या दिवशी उघडलेली वही नीट शिवून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. टाकी कोणत्या गाडीची, इंजिन कोणते, कोणता भाग नवा घडवला, हे पुढच्या पिढीला वा पुढच्या मालकाला त्यातून कळेल. अशा नोंदीसह विकलेल्या गाडीला कदाचित थोडी कमी किंमत येते. पण विकणाऱ्याला उद्या त्याच बाजारात मान वर करून उभे राहता येते.