चहा पावणेसहाला

१४ डिसेंबर
साताऱ्याची थंडी नवी नाही. पण ही भर दुपारी अंगणात उन्हाला बसते तरी स्वेटर काढत नाही. आज मुलीचा फोन आला. आईशीच बोलत होती आणि विचारते, ‘बाबा, आई कुठंय?’ इतका आवाज घोगरा झालाय. मी आपलं ठरलेलं उत्तर दिलं : वय झालं. ७१ पूर्ण आहेत.

२० डिसेंबर
डॉक्टरांनी नाडी मोजली, ५४. मग तिच्या टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन उडालं, पण जागेवर यायला वेळ लावला. ‘रक्त तपासू,’ एवढंच म्हणाले.

२२ डिसेंबर
टीएसएच ४१! मर्यादा साडेचारपर्यंतची. मी घाबरून म्हटलं, ‘एवढं वाढलंय?’ उलट आहे म्हणे. गळ्यातली ग्रंथी मंदावली की मेंदूतली पियुषिका तिला हाका मारते. हा आकडा त्या हाकांचा. आपण सगळे ‘तिला थायरॉइड आहे’ म्हणतो, जणू बाकीच्यांना नसतंच.

गोळी फक्त २५ मायक्रोग्रॅमची. या वयात एकदम मोठा डोस दिला तर हृदयावर ताण येतो.

२३ डिसेंबर
खरा प्रश्न चहाचा. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, पुढे निदान अर्धा तास काही नाही. कॅल्शियमची गोळी चार तास लांब, म्हणून ती रात्री जेवणानंतर. ‘अहो, पन्नास वर्षं उठल्याउठल्या चहा घेतलाय मी,’ ही म्हणाली. तह असा झाला : पाचला गोळी, मग अंघोळ, पूजा, मग आधण.

५ फेब्रुवारी
आकडा २४. डोस ५०. इसबगोलचा डबा पंधरा दिवसांत उघडलेला नाही. काल दूधवाल्याच्या हिशेबात तिनं माझी चूक काढली. वर्षभर हिचं विसरणं मी वयाच्या खात्यावर टाकत होतो, याची लाज वाटली.

९ फेब्रुवारी
हौसेनं माझंही रक्त दिलं. ६.३. ग्रंथीचं संप्रेरक, टी-फोर, ठीक. गोळी नाहीच! सत्तरीनंतर हा आकडा थोडा आपोआप चढतो, म्हणाले. २०१७ साली युरोपातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला : पासष्टीपुढचे ७३७ जण, सगळ्यांचा आकडा माझ्यासारखाच जरासा चढलेला. गोळी घेणाऱ्यांचा थकवा खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा काही कमी झाला नाही. उगाच जास्त घेतली तर नाडी बिघडते, हाडं झिजतात.

‘मग माझा थकवा?’

‘सकाळी चालायला जा.’

मोफतचा सल्ला कुणाला आवडतो? तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

६ एप्रिल
हिचा आकडा ५.१. मला वाटलं, डोस वाढणार. पण या वयाला एवढा चालतो म्हणे. ५० वरच राहायचं. संध्याकाळी मुलीनं पहिल्या ‘हॅलो’ला आवाज ओळखला.

चहा आता पावणेसहाला होतो. गोळी मला नाही, तरी मलाही तेव्हाच.